अर्ध्या गोळीवरचा होकार

माझ्या सासूबाई दिल्लीला आल्या त्या परतीचं ठरवूनच. दिवाळी झाली की यायचं आणि गुढी मात्र पुण्यात, स्वतःच्या घरावर उभारायची, हे त्यांनी निघण्याआधीच फोनवर जाहीर करून टाकलं होतं. माझ्या नवऱ्याला, सुधन्वाला, ते मुळीच पटलं नव्हतं. भाऊसाहेब, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आई सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात, म्हणून याला दिल्लीत झोप लागत नसे. मला लागायची. एक तर त्या धडधाकट होत्या, आणि दुसरं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आम्हा दोघींना माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आमचं छान होतं ते मध्ये पुणे-दिल्ली एवढं अंतर होतं म्हणून.

शेवटी सुधन्वाने अट घातली. हिवाळा इथे काढ, तब्येत ठीक राहिली तर खुशाल जा. नाही राहिली तर फ्लॅट विकायचा आणि कायमचं आमच्याकडे यायचं. आई हो म्हणाल्या. आपल्या तब्येतीला काय धाड भरलीय, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

आम्ही लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. सुधन्वा केंद्र सरकारात आहे, मी गुरुग्रामला एका कंपनीच्या एचआरमध्ये. मुलगी पूर्वी नववीत. ती दिल्लीतच वाढली, त्यामुळे तिचं मराठी बोलायला ठीक पण मध्ये मध्ये भोकं पडलेलं. शब्द सापडला नाही की ती बिनदिक्कत हिंदी ठिगळ लावते. आईंनी आल्या दिवशी सामान सोडायच्या आधी पिशवीतून तापमापक काढला आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी टांगला. त्यांची सगळी नोकरी पुण्यात हवामान खात्यात झाली. निरीक्षक होत्या. तापमान, पाऊस, वारा, जे दिसेल ते लिहायचं आणि जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा धर्म. रोज चहाच्या आधी त्या तापमान सांगत. कोणी विचारलेलं नसे.

त्यांना थायरॉइडचा त्रास जुना. गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, म्हणून तिचं काम करायला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. इतकी वर्षं त्या पुण्यातल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीची गोळी घेत आलेल्या. प्लास्टिकच्या बाटलीत येते ती. सुधन्वाने त्यांचं नाव आपल्या सरकारी आरोग्य कार्डावर चढवलं आणि दवाखान्यातून गोळ्या आणायला सुरुवात केली. तिथे औषध तेच, ताकद तीच, कंपनी मात्र दर खेपेला जी येईल ती. फुकट ते पौष्टिक, असं मी म्हटलं. त्याला ते लागलं. सरकारी नोकरासमोर सरकारी गोळीबद्दल काही बोलायची सोय नाही.

गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी उठून पाण्याचा पेला आणि दवाखान्याच्या स्ट्रिपमधली गोळी घेऊन मी त्यांच्या खोलीत जायची. त्या आधीच जाग्या असत. मला बघून हसत, हात पुढे करत, गोळी घेत. मला सांगायला हरकत नाही, मला ते आवडायला लागलं होतं. दिवसभरात आमची तेवढीच एक भेट अशी होती की जिच्यात कोणी कोणाच्या पोळीला नावं ठेवत नसे.

जानेवारीत त्या बदलल्या. दिल्लीचा जानेवारी काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही तिघं हीटरला चिकटून, आणि आई पंखा लावून बसलेल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, आज उकडतंय. मी बाल्कनीत जाऊन बघितलं, पारा सातावर होता. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तापमापक बिघडलाय. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या अंगापेक्षा पाऱ्यावर विश्वास ठेवला, तिच्या तोंडून हे वाक्य आलं तेव्हाच खरं तर मी जागी व्हायला हवं होतं. पण मी म्हटलं, चला, नवीन काहीतरी.

मग तर कमालच सुरू झाली. पहाटे उठून माझी कपाटं लावायच्या. डाळींचे डबे उपसून ठेवायच्या. पूर्वीला अभ्यासावरून, सुधन्वाला जेवणाच्या वेळांवरून, मला तर श्वास घेण्यावरूनही बोलायच्या. हात असा थरथरायचा की चहा बशीत जास्त आणि कपात कमी. वजन उतरलं, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. छातीत धडधडतं म्हणायच्या. मला वाटलं पुण्याला जायची घाई झालीय आणि राग आमच्यावर निघतोय. एकदा मी सरळ सांगितलं, आई, जायचंच असेल तर जा, पण माझ्या डाळींना सोडा. दोन दिवस अबोला झाला.

सुधन्वाने मात्र त्यांना दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये अंगात थायरॉइडचं औषध फार झालंय असं निघालं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, माताजी कौन सी गोली लेती हैं? माताजींच्या आधी चिरंजीवांनीच खिशातून स्ट्रिप काढून पुढे केली. डॉक्टरांनी बघितली आणि अर्ध्या ताकदीची लिहून दिली. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, असंही सांगितलं. आई गप्प बसून होत्या. मुलगा बोलत असताना मध्ये बोलायची त्यांची पद्धत नाही. सुनेच्या बाबतीत ती पद्धत लागू नसते.

गोळी अर्धी झाली आणि हळूहळू घरात शांतता आली. घाम गेला, थरथर गेली, डाळींचे डबे जागच्या जागी राहायला लागले. सुधन्वा खूश, मी त्याहून खूश. आई किती शांत झाल्या, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्रास गेला म्हटल्यावर पुन्हा रक्त कोण तपासतंय? राहून गेलं.

शांतता वाढतच गेली. होळीनंतर दिल्ली तापायला लागते, आम्ही कूलर काढले, आणि आई स्वेटर घालून बसायला लागल्या. तापमान सांगणं बंद झालं. तापमापक दोरीशेजारी लटकत होता, त्या तिकडे बघत नसत. चेहरा सुजल्यासारखा झाला, आवाज घोगरा. जेवून उठल्या की झोप, झोपून उठल्या की झोप. आमटीत मीठ दोनदा पडायचं. एकदा गॅस चालू ठेवून त्या खुर्चीत बसून राहिल्या. दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीचा वास पूर्वीला आला म्हणून निभावलं.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आई पुऱ्या तळत होत्या आणि तेलातून पुरी काढायला त्यांना झारा हवा होता. शब्द आठवेना. त्या पूर्वीला म्हणाल्या, ते दे, ते. पूर्वीला तो शब्द कधी माहीतच नव्हता, ती म्हणाली, क्या आज्जी, कौन सा? दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, एकीचा शब्द हरवलेला आणि दुसरीला मिळालेलाच नाही, आणि कढईत पुरी काळी होत चालली होती. मी जाऊन झारा हातात दिला. आईंनी तो घेतला आणि माझी नजर टाळली. मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

पाडवा आला आणि गेला. पुण्याची गोष्ट कोणी काढली नाही, आईंनीही नाही. सुधन्वाने मनाशी निदान करून टाकलं होतं: वय झालं, स्मृती चालली, आता एकटं ठेवता येणार नाही. पुण्यात आईंच्याच बिल्डिंगमधल्या नरसिंह नावाच्या गृहस्थांना बऱ्याच दिवसांपासून फ्लॅट हवा होता. सुधन्वाने त्यांच्याशी बोलणी केली, आणि मग रीतसर, समोर बसून, आईला विचारलं. घर विकायचं का? त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं." मग स्वेटरचं बटण लावायला लागल्या. महिन्याअखेरीला पुण्याला जाऊन सह्या करायच्या ठरल्या, विमानाची तिकिटंही आली. सुधन्वाला वाईट वाटत होतं, पण सुटल्यासारखंही झालं होतं. मला फक्त वाईट वाटत होतं, आणि ते का वाटतंय हे सांगता येत नव्हतं. म्यानातली दुसरी तलवार बोथट झाली म्हणून मी पेढे वाटायला हवे होते.

त्याच आठवड्यात सुरेखाताईंचा फोन आला. या आईंच्या खात्यातल्या, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, आईंना हेमलताताई म्हणणाऱ्या. नवरा राज्य सरकारात. त्याच्या मीटिंगसाठी दोघं दिल्लीत आले होते आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसला उतरले होते. दिल्लीत मराठी माणसाचा नियमच आहे की पुण्याहून कोणी आलं की त्याच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचं असतं. आईंसाठी भाजणी आणि मेतकूट आणलंय, घेऊन जा, म्हणाल्या. मी ऑफिसातून येताना तिकडे वळले.

पिशवीत भाजणी होती, मेतकूट होतं आणि गोळ्यांची बाटली होती. मी बाटली परत देऊ लागले. म्हटलं, आता गोळ्या इथेच मिळतात. सुरेखाताई म्हणाल्या, "अगं माहीत आहे मला. पण हेमलताताईंनी जानेवारीतच मागवली होती, माझंच येणं लांबलं. म्हणाल्या, नवीन गोळीचा अंदाज येईपर्यंत दोन्ही चालू ठेवायच्यात."

मी विचारलं, दोन्ही म्हणजे?

त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी मला खात्यातली रीत सांगितली. नवं उपकरण आलं की जुनं लगेच काढत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात, बरेच दिवस दोन्हींचे आकडे घेतात, नव्यावर भरवसा बसला की मगच जुनं उतरवतात. हेमलताताई याबाबत फार कडक होत्या, म्हणाल्या. एका पोराने जुना तापमापक आठवडाभर आधी काढला तर त्याला त्यांनी परत लावायला लावला होता. त्या कौतुकाने सांगत होत्या. मी बाटली परत पिशवीत टाकली आणि निघाले.

टॅक्सीत बसल्यावर सगळं जुळत गेलं. मी खोलीत जायच्या आधी आई उठून स्वतःची पुण्याची गोळी घेत होत्या, आणि मग मी नेलेलीही घेत होत्या. रोज दोन पूर्ण गोळ्या. म्हणून पंखा, म्हणून डाळी, म्हणून धडधड. डॉक्टरांनी दोन गोळ्यांचा रिपोर्ट बघितला आणि एका गोळीतली अर्धी काढली, कारण दुसरी कुणी दाखवलीच नव्हती. त्याच सुमाराला पुण्याची बाटली संपली. आणि बाई राहिली अर्ध्या गोळीवर.

घरी आले तेव्हा आई खुर्चीत होत्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, आई, तुम्ही दोन्ही घेत होतात? त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "जुनी एकदम कशी बंद करायची? आणि तू रोज इतकी आणून द्यायचीस. नको कसं म्हणू?"

मी त्यांच्यावर ओरडणार होते. मला सांगायला काय झालं होतं, तोंडाला काय कुलूप होतं, हे सगळं जिभेवर होतं. पण समोर जी बसली होती ती ओरडून घ्यायलाही पुरी हजर नव्हती. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढला.

सुधन्वा आल्यावर त्याला सांगितलं. आधी त्याला ते पटेना, मग पटलं, मग तो चिडला. आईवर, डॉक्टरवर, माझ्यावर, ज्या क्रमाने सुचेल त्या क्रमाने. मी म्हटलं, पुण्याची तिकिटं रद्द कर. तो म्हणाला, गोळीचं गोळीच्या जागी, ते नीट करूच. पण घराचं ठरलंय, नरसिंहांना शब्द दिलाय. आणि वय तर खरंच आहे ना? उद्या दुसरं काही होईल.

"मी जबरदस्ती केली नाही, उत्तरा. तिला समोर बसवून विचारलं. ती हो म्हणाली."

"हो म्हणाल्या. अर्ध्या गोळीवर."

त्या रात्री तो जेवला नाही. पण तिकिटं रद्द झाली, आणि नरसिंहांना फोन करायला तो बाल्कनीत गेला तेव्हा दार लावून घेऊन बराच वेळ बोलत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो आणि या वेळी मी बोलले. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. आता एकच गोळी, पूर्ण ताकदीची, आणि कंपनी एकच धरा, म्हणाले. बदलायला हरकत नसते, पण बदलली की काही आठवड्यांनी रक्त बघायचं, आणि बदलली म्हणजे जुनी बंद, बिल्कुल बंद. हे शेवटचं त्यांनी आईंकडे बघून दोनदा सांगितलं. आईंनी मान हलवली. पुण्याचीच ठरली. ती मी विकत आणते, आणि फुकट ते पौष्टिक हे वाक्य आमच्या घरात बंद आहे.

लगेच काही झालं नाही. एप्रिल तसाच गेला. मे महिन्यात स्वेटर उतरला. मग चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. एकदा मी ऑफिसला निघाले होते, तर पूर्वी डायनिंग टेबलाशी बसून आजीकडून स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं पाठ करत होती: झारा, सांडशी, पळी, उलथनं. मला उशीर झालेला होता तरी मी दारात उभी राहिले. आणि जूनच्या सुरुवातीला एका सकाळी चहा गाळत होते तर बाल्कनीतून आवाज आला, एकतीस पूर्णांक चार. कोणी विचारलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली आणि तो आईंनी नावं ठेवत प्यायला.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा नाश्त्याला सुधन्वाने विषय काढला. त्याला काढावाच लागला असता. नरसिंह अजून थांबले होते. तो म्हणाला, आई, घराचं पुन्हा एकदा विचारतो. आईंनी पोह्यांतून मान वर केली. पुन्हा म्हणजे, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, मागे विचारलं होतं ना, तेव्हा विकायला तू हो म्हणाली होतीस.

आईंचा चमचा ताटलीत राहिला. त्यांनी सुधन्वाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी होय अशी मान हलवली. त्यांना आठवत नव्हतं. त्या प्रयत्न करत होत्या ते दिसत होतं, मागे जाऊन शोधत होत्या, आणि तिथे काही नव्हतं.

"मी हो म्हणाले," त्या म्हणाल्या, "आणि मी हजरच नव्हते."

सुधन्वा ताटलीत बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तो वाईट मुलगा नाही, हे मी त्याची बायको असूनही सांगते. त्याला आईची काळजी होती, आणि काळजी असलेल्या माणसाला होकार फार लवकर ऐकू येतो. आई काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोहे संपवले, ताटली विसळली आणि ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, तिकीट काढ. विमान नको, रेल्वे चालेल.

निजामुद्दीनला पोचवायला मी गेले. सुधन्वाला ऑफिस होतं, किंवा होतं असं तो म्हणाला. तापमापक त्यांनी बाल्कनीतच ठेवला होता, पूर्वी बघेल म्हणाल्या. पूर्वी बघते, हेही सांगून टाकते. गाडी लागलेली होती. बर्थखाली बॅग सरकवली, पाण्याची बाटली खिडकीशी ठेवली. मग त्या म्हणाल्या, "उत्तरा, पुढे कधी मी मोठ्या गोष्टीला हो म्हणाले, तर आधी माझं रक्त तपासा."

मी म्हटलं, आणि नाही म्हणालात तर?

"तर नको. नाही म्हणायला पूर्ण गोळी लागते."

मला हसू आलं आणि राहवलं नाही. इतके महिने गिळलेलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हटलं, आई, पण माझ्या गोळीला तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. तेव्हा तर पूर्ण होती की. एक सोडून दोन होत्या.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. गाडी सुटायची सूचना झाली, मी उतरायला वळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेव्हा समोर तू उभी असायचीस, पाणी घेऊन."

मी प्लॅटफॉर्मवर उतरले. गाडी वेळेवर सुटली.